धोदाणीच्या वाटेवरची पांढरी करवंदं

दोन दिवसांच्या निसर्गशिबिराचं प्रमाणपत्र हॉलमध्ये टांगलं आणि खांदा कॉलनीतला आमचा फ्लॅट मला अपुरा वाटायला लागला. मे महिन्यातल्या एका रविवारी बायकोला, नीलिमाला म्हटलं, "चल, तुला रानमेवा दाखवतो."

पनवेल डेपोतून धोदाणीची एसटी पकडा. सकाळची चुकली तर दुपारपर्यंत ताटकळाल. पाणी घरूनच न्या. गावातून माथेरानकडे चढणारी पायवाट चांगलाच घाम काढते, पण अधूनमधून सावली आहे.

चढावर एक काटेरी झुडूप पांढऱ्या फळांनी लगडलं होतं. "हे काय हो?" नीलिमाने विचारलं. माहीत नाही म्हणायला जीभ वळेना. "पांढरी करवंदं," मी ठोकून दिलं. "खा बिनधास्त." तिने मूठभर खाल्ली. मी फोटो काढत होतो.

थोडं वर मोबाइलला रेंज आली, तसा फोटो आमच्या निसर्गप्रेमींच्या फेसबुक ग्रुपवर टाकला. पहिली प्रतिक्रिया, "अप्रतिम क्लिक." दुसऱ्याने लॅटिन नाव दिलं, तिसऱ्याने ते खोडलं, चौथ्याने झाड मधुमेहावर रामबाण ठरवलं. पाचव्याने लिहिलं, "विषारी आहे. कुणी खाल्लं नाही ना?" मी खरंच घाबरलो. नीलिमा खांद्यावरून वाचत होती.

"तुम्ही का नाही खाल्लंत?" तिने शांतपणे विचारलं.

तिथूनच मागे फिरलो. खाल्लं होतं तिने, पण घाईघाईने उतरत होतो मी. वाटेत डोक्यावर पाटी घेतलेल्या, ठाकूरवाडीतल्या एक आजी भेटल्या. मी फोटो पुढे केला आणि बायकोने ही खाल्लीत म्हणून सांगितलं. त्यांनी पाटी उतरवून वरचं फडकं बाजूला केलं. आत तीच फळं.

"तोरणं हायत. विष नाय न् काय नाय. पण ओळख नाय तर तोंडात कशाला घातली?"

"यांनी सांगितलं म्हणून," नीलिमा म्हणाली.

आजी हसल्या. "उन्हाळाभर पनवेलच्या बाजारात घेऊन बसते मी. तुमी बघितली नाय कदी?"

त्या बाजारातून मी अकरा वर्षं जातोय.

दहा रुपयांना पानाचा द्रोण भरून तोरणं घेतली. एसटीत बसल्याबसल्या ग्रुपवर लिहिलं, "तोरण. मला अंदाज होताच." घरी पोचेपर्यंत ॲडमिनने मला तज्ज्ञांच्या यादीत घातलं होतं.

नीलिमाने द्रोण प्रमाणपत्राखालच्या टेबलावर ठेवला. "आधी तुम्ही."

तोरणं गोड होती. तिने एकही उचललं नाही. आता घरात साधी मेथीची भाजी केली तरी पहिला घास मला वाढला जातो, आणि मी तो गिळेपर्यंत ती बघत बसते.