आईची बुडीत मजुरी

आमची मुलगी दोन वर्षांची असताना अंगणवाडीच्या ताईनं तिच्या दंडाला घेर मोजायची पट्टी लावली. पट्टी लाल रंगावर थांबली, म्हणजे मुलगी फारच कुपोषित. "जिल्ह्याच्या दवाखान्यात भरती करा लागन," ताई म्हणाली. "आईनं संग राहाचं. सरकार आईले रोजची बुडीत मजुरी देते."

दिवस धानाच्या रोवण्याचे होते. सरकारी दरापेक्षा रोवण्याची रोजी जास्त होती. चिखलणी आटोपून मी रिकामा बसलो होतो. म्हणून बायको रोवण्याला गेली आणि मुलीला घेऊन आमच्या गावाहून, बपेऱ्याहून, मी निघालो.

वॉर्डात सगळ्या आयाच. नर्सबाईंनी माझ्या मागे पाहिलं.

"आई कुठं आहे?"

"रोवण्यात."

"तुम्ही कोण?"

"बाप."

त्यांनी जरा विचार केला आणि मला दाराजवळची खाट दिली.

मुलगी माझ्या हातून खाईना. दर दोन तासांनी मी वाटी पुढे करायचो, ती ओठ मिटून घ्यायची. सांडलेल्या दुधानं माझा शर्ट कडक झाला. शेजारच्या खाटेवर चिखला गावची एक बाई होती, नवरा खाणीत कामाला. ती हे सगळं बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"भाऊ, पोरीले चारून राहिले का बैलाले दवा पाजून राहिले? मांडीवर घ्या. काही बोला तिच्याशी."

बोलायला मला काही सुचेना. मग धानाच्या शेतातली कोणती बांधी, कोणता बांध घातलेला तुकडा रोवून झाला असेल, कोणता राहिला असेल, ते सांगत गेलो. मुलगी माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि वाटी संपली. मला एकदम रडू आलं. ते लपवायला वॉर्डात जागा नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून बाया विचारू लागल्या, "तलावाखालची बांधी झाली का, भाऊ?"

वजन भरलं, सुटी झाली. मजुरीचं विचारलं तर नर्सबाई म्हणाल्या, "ती आईची बुडीत मजुरी आहे भाऊ. आईची मजुरी बुडालीच नाही."

"आन् माझी?"

"बापाचा दरच नाही."

त्यांचंही बरोबर होतं. त्यांनी मुलीच्या गालाला हात लावला, मीही नमस्कार केला.

घरी बायको नुकतीच शेतातून आली होती. तिनं मुलीला उचललं.

"जड झाली," ती म्हणाली.

त्या संध्याकाळचा स्वयंपाक तिनं मुलीला कडेवर घेऊनच केला. मी मागितली तरी दिली नाही.