दानीएल दाजींची बरणी

त्या रविवारी सकाळी मी दाजींची वाट बघत होते आणि मनातल्या मनात त्यांच्यावर चिडत होते. ओट्यावर त्यांची चिनी मातीची बरणी होती, आदल्या संध्याकाळी त्यांनीच आणून ठेवलेली. आत काळ्या मनुका भिजत होत्या. आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, आणि त्यात जो द्राक्षरस देतात तो या मनुकांचा. दाजी सकाळी यायचे, मनुका कुस्करून पांढऱ्या फडक्यातून गाळायचे आणि रस घेऊन चर्चला जायचे. उशीर करणं त्यांना माहीतच नव्हतं. शेवटी मी फोन लावला, तर उचलला त्यांच्या शेजारणीनं. "दाजी उटंनात ओ... तुमी या की लगेच," एवढंच ती म्हणाली. दाजी झोपेतच गेले होते.

त्याला आता महिना होऊन गेला. दानीएल दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुलोचनाअक्काचे यजमान. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असतं हे मला ठाऊक आहे, पण खोटं लिहिलेलं त्यांनाच आवडलं नसतं. म्हणून सांगते, कितीतरी वर्षं मला हा माणूस डोळ्यांसमोर नको असायचा. टॉवेलच्या कारखान्यात ते जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करणारे. हातात कसब होतं, पण पाळी सुटली की पाय शिंदीच्या दुकानाकडे वळायचे, आणि शिंदीनं भागलं नाही की दारू. अक्काचे दागिने गेले, एकदा पुढचा दात गेला, आणि तरी ही बाई रविवारी डोक्यावर पदर घेऊन पहिल्या बाकावर हजर! "सोड की त्याला," मी म्हणायचे. "देवासमोर शब्द दिलाय शालन," ती म्हणायची. माझं डोकं फिरायचं.

पुढे दाजींना कावीळ झाली. डॉक्टरांनी खडसावलं, चर्चचे पाळकसाहेब रोज खाटेपाशी येऊन बसले, आणि दाजींनी दारू सोडली. लगेच सुटली असं नाही. मध्ये दोनदा घसरले, दोन्ही वेळा मंडळीपुढे उभे राहून मान खाली घालून सांगितलं. त्यानंतर मात्र टिकलं. आमच्याकडे साक्ष देताना लोक म्हणतात, प्रभूनं माझी तहानच काढून घेतली. दाजी म्हणायचे, "माजी न्हाय काडली बाबा. रोज सांजच्याला येती. रोज न्हाय म्हणायचं, एवडंच."

मनुकांचं काम मुळात अक्काचं. शनिवारी संध्याकाळी धुऊन भिजत घालायच्या, रविवारी सकाळी गाळायच्या. तिचा आजार वाढला, हातात जोर राहिना, तेव्हा दाजी म्हणाले, मी करतो. मी तोंडावरच म्हटलं, "वा! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या." दाजी हसले. "मनुकाच हायत की शालन," म्हणाले.

मनुकाच होत्या, पण सोलापूरचा एप्रिल होता. ईस्टरच्या आठवड्यात अक्का दवाखान्यात होती, तिचे उपचार चालू होते. दाजींची रोजची फरफट... सकाळी डबा, दुपारी कारखाना, रात्री तिच्या खाटेखाली चटई. शनिवारी जमणार नाही म्हणून त्यांनी गुरुवारीच मनुका भिजत घातल्या. गोडी कमी वाटली म्हणून वर साखर टाकली, चांगल्या कुस्करून झाकण घट्ट लावलं आणि दवाखान्यात गेले. अक्काला विचारलं असतं तर तिनं कपाळाला हात लावला असता. उकाड्यात साखर घालून तीन दिवस बंद ठेवल्यावर काय होतं, हे दुसऱ्या कुणाला नाही तरी दाजींना कळायला हवं होतं. पण त्या दिवसांत त्यांचं चित्त थाऱ्यावर कुठं होतं?

ईस्टरच्या पहाटे दाजी दवाखान्यातून घरी आले. आमची घरं एकाच गल्लीत. मी चर्चची साडी नेसत होते, तेवढ्यात दारातून हाक आली, "शालन, ये की जरा. आत्ता." बाहेर येऊन बघते तर दाजी गल्लीत अनवाणी, स्वतःच्या घराकडे पाठ करून उभे. कपाळावर घाम.

"बरणी फसफसतीय," ते म्हणाले. "तू जाऊन वत."

"मग तुम्ही का नाही ओतत?"

"मी उचलली तर वतणार न्हाय."

मी आत गेले. झाकण उघडं होतं, रसावर फेस आला होता आणि सगळ्या घरात शिंदीच्या दुकानात येतो तसला वास. बरणीशेजारी स्टीलचा पेला होता. फळीवरचे बाकीचे पेले जागच्या जागी, हा एकच खाली काढलेला. मी पेला उचलून आत बोट फिरवलं, वास घेतला. कोरडा होता! मग बरणी मोरीत उपडी केली, वर बादलीभर पाणी ओतलं आणि तिथंच भिंतीला धरून रडले. बाहेर दाजी तसेच पाठमोरे उभे होते.

चर्चमध्ये आमचे एक वडीलधारे पंच म्हणाले, "अहो, टाकायचा कशाला? येशूनंसुद्धा आंबवलेला द्राक्षारसच दिला होता की." दाजी शांतपणे म्हणाले, "दिला असंल साहेब. पन मला न्हाय झेपत. आनि मंडळीत माज्यासारखी आनकी दोघं-तिघं हायत." पाळकसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि प्रभुभोजन उपासनेच्या शेवटी घेऊ म्हणाले. तोवर आम्ही बायकांनी द्राक्षं मिळवली आणि मागच्या खोलीत हातानं पिळली. आंबट होती, लेकरांनी तोंडं वाकडी केली.

दुपारी दवाखान्यात दाजी अक्काला म्हणाले, "पेला काडला होता मी."

"मग?"

"मग शालनला बोलावली."

अक्कानं डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, "बरं केलंत... जेवलात का?"

त्यानंतर दाजींनी स्वतःसाठी एक नियम केला. मनुका शनिवारीच भिजत घालायच्या, आणि बरणी रात्रभर माझ्याकडे. मी म्हणायचे, एका रात्रीत काही होत नाही दाजी, उगीच हेलपाटा कशाला? तर म्हणायचे, "बरणीचं काय न्हाय गं. माजं मला ठाव हाय." आणि बरणी ठेवून दारातल्या खुर्चीवर चहा पीत बसायचे, अंधार पडेपर्यंत. शिंदीच्या दुकानाची ती वेळ.

अक्का गेली तेव्हा मला धास्ती वाटली होती. जिच्यासाठी हा माणूस धरून होता तीच गेली, आता कशाला थांबेल? दफनाच्या संध्याकाळी त्यांचे जुने दोस्त आले. मनानं वाईट नव्हते बिचारे, त्यांच्या परीनं दुःख वाटून घ्यायला आले होते. "चल, जरा बसू," म्हणाले. दाजी उठले, पायांत चपला घातल्या. त्यांनी दोस्तांना गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवलं, परत आले आणि माझ्या दारातल्या खुर्चीत बसले. "च्या टाक," म्हणाले. आणि मग लहान मुलासारखे हमसून हमसून रडले. तेव्हापासून शनिवारच काय, रोजच संध्याकाळी यायचे. माझ्या मनातली जुनी अढी कधी गेली, मला सांगता येणार नाही. मी त्यांची वाट बघायला लागले होते, एवढं खरं.

ते गेले त्या रविवारी मंडळीनं त्यांनीच भिजवलेल्या मनुकांचा रस घेतला. मीच गाळला. आधी झाकण काढून वास घेतला. गोड होता. दुपारी दाजींना अक्काच्या शेजारी ठेवलं.

आता हे काम माझ्याकडे आलंय. गेल्या शनिवारी मनुका धुतल्या, भिजत घातल्या, झाकण ठेवलं... आणि मला घरात बसवेना. समोर खुर्ची रिकामी. शेवटी बरणी उचलली आणि पलीकडच्या लक्ष्मीबाईंकडे गेले. त्या पद्मशाली समाजातल्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या, आमच्या चर्चशी त्यांचा काही संबंध नाही.

"सकाळपर्यंत ठेवता का?" मी विचारलं.

त्यांनी झाकण उचलून बघितलं. "मनुकाच हायत की ओ. तुमच्या घरी जागा न्हाय का?"

"जागा आहे," मी म्हटलं, "पण ही बरणी घरात ठेवून एकट्यानं झोपायचं नाही, अशी आमच्याकडे रीत आहे."