खोकला की खोखला

ह्यांना खोकला लागला तेव्हा ना ताप, ना अशक्तपणा. तेलीबागेच्या बाजारातून सब्जी स्वतः निवडून आणायचे. माझी एक किडनी ह्यांना बसवल्यापासून मास्क मात्र सुटला नव्हता. शरीराने ती परकी म्हणून नाकारू नये यासाठी ह्यांची प्रतिकारशक्ती गोळ्यांनी दाबून ठेवलेली.

"धूळ आहे गं," म्हणायचे.

"धूळ काय फक्त तुमच्याच नाकात शिरते?"

एका दुपारी पाठीला तेल लावता लावता मी सहज कान टेकवला. उजवीकडे आत कुणीतरी रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारत होतं. मी चटकन मागे सरले. भर दुपारी, कूलर चालू, आणि मला त्या खोलीत थांबवेना!

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई इथल्याच. इतकी वर्षं लखनौत काढली, पण घाबरले की 'खाँसी' हा शब्द काही तोंडात येत नाही. म्हटलं, "मॅडम, इनको खोकला है. राइट साइड में."

त्यांचं पेन थांबलं. "खोखला? आपसे किसने कहा?"

हिंदीत खोखला म्हणजे पोकळ. ह्यांना हसू आवरेना. बाई हसल्या नाहीत, त्यांनी लगेच सीटी करायला पाठवलं.

उजव्या फुफ्फुसात खरंच पोकळी होती आणि तिच्यात बुरशीचा गोळा. ह्यांना पालथं झोपवून पुन्हा सीटी काढला, तर गोळा जागचा हललेला. मग ताप कसा नाही, मी विचारलं.

"जिसे लड़ना था, उसे तो हमने सुला रखा है," बाई म्हणाल्या.

आता गोळ्या कमी करायला हव्या होत्या. पण तसं केलं की शरीर जागं होणार आणि माझी किडनी धोक्यात येणार.

"नाही करायच्या कमी," हे अडून बसले. "तू दिलेली आहे ती."

माझं डोकंच फिरलं. "अहो, शहाणपणा पुरे! तुम्ही राहावं म्हणून दिली ना? जाऊ दे तिला." आणि बाईंना म्हटलं, "कम कर दीजिए."

बुरशी हटली. किडनी गेली. आता डायलिसिसवर आहेत.

बंद पडलेली किडनी सहसा काढत नाहीत म्हणे, आतच राहू देतात. म्हणजे माझाच एक मेलेला तुकडा ह्यांच्या पोटात आहे, ह्यांच्याबरोबर उठतो, जेवतो, झोपतो. झोपेत ह्यांचा हात नेमका त्याच्यावर असतो. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण तो हात बाजूला करवत नाही.