दीर्घिकेवरची धूळ

मी एकदा एक अख्खी दीर्घिका ओल्या फडक्यानं पुसून काढली. आता धूळ दिसली की मी तिला 'ये, बस' म्हणते, पण तेव्हाची मी म्हणजे स्वच्छतेची ठाणेदारीण! रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. ऑफिसातल्या फायली उपसून बीरगांवच्या घरी पोचेपर्यंत पाय गळून जायचे, तरी चप्पल काढली की हाती फडकं. शेजारच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांची काळी धूळ रोज खिडकीतून यायची आणि मी रोज तिच्यापुढे हरायची.

त्या संध्याकाळी टेबलावर पोरीची प्लायवूडची फळी होती. दुसऱ्या दिवशी शाळेत प्रदर्शन होतं. काळ्या रंगावर पांढरी वेटोळी आणि त्यांच्या कडेनं काळपट पट्टे. म्हटलं, घ्या, इथंही धूळ! घासून लख्ख केलं.

"आई, काहून पुसलं?" पोरगी रडकुंडीला आली. फळीवर रंगवलेल्या त्या दूरच्या दीर्घिकेत खरोखरच धुळीचे पट्टे आहेत आणि तिथंच नवे तारे बनतात, असं तिनं सांगितलं. ते दाखवायला तिनं आठवडाभर आमच्याच खिडकीतली धूळ जमवली होती.

मग मी पंख्याची पाती आणि कपाटाचा माथा खरवडत फिरले. आयुष्यात पहिल्यांदाच घरात धूळ कमी पडली. पट्टे पुन्हा उमटले, तशी पोरगी हसली.

"बरं झालं आई, तिथून इथं यायले उजेडालेच कोट्यवधी वर्षं लागतात. तू फडकं घेऊन तिथं पोचली असती, तर एकही तारा पैदा झाला नसता!"