मामाचा गाणारा डबा

हे मी लिहिणारच नव्हते, कारण लिहायला बसलं की रडूच येतं. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मामाचं दुकान म्हणजे माझं अख्खं आजोळ. मी सात वर्षांची असताना मामाने एका रेडिओचा फाटका स्पीकर काढून टाकला आणि बॉडीला आतून एक थरथरणारी चकती चिकटवली. स्पीकर नाही, तरी गाणं सुरू!

"मामा, डबाच गातोय!"

"मग? तुझ्यापेक्षा सुरात गातो."

पुढे कॉलेजच्या नादात दोन वर्षं माझं जाणंच झालं नाही. परवा गेले, तर मामाला ऐकूच येईना. मामी ओरडून ओरडून थकलेली. माझा आवाज मामा आता कधीच ऐकणार नाही, असं वाटलं.

मामाने मात्र तोच डबा काढला, त्याला माईक जोडला आणि कानामागच्या हाडाला घट्ट टेकवला. कानाचा पडदा गेला, तरी थरथर हाडातून आत पोचते ना!

"हं, बोल गं."

"मामा, मी आलेय."

मामाने डोळे मिटले. "दोन वर्षांनी उगवलीस, आणि तीही सर्दी घेऊन?"

सर्दी नव्हती हो ती.

तुमचाही असा कुणी मामा असेल, तर फोनबिन नको. जाऊन भेटा, लवकर.