खिडकीआडचा कापूस

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. नव्वदच्या दशकात धुळ्याजवळच्या आमच्या गावी कॉलेजातल्या एक बाई आल्या. जमिनीतून घरात शिरणारा रेडॉन नावाचा घातक वायू मोजायला त्या घरोघरी फिल्मची डबी टांगत. आमच्याकडे ती आईच्या खोलीत टांगली. भाव वाढायची वाट बघत आम्ही तिथेच कापूस रचला होता; खिडकी त्यात पार बुजली होती.

घरात विषारी हवा निघाली तर मुलीचं जमत आलेलं लग्न मोडेल, या भीतीने मी डबी मोकळ्या ओसरीवर, चिमणीच्या घरट्याखाली नेऊन टांगली. बाई डबी न्यायला यायच्या आदल्या दिवशी परत खोलीत टांगली.

बाईंनी डबीवर फुंकर मारली. चिमणीच्या घरट्यातली काडी खाली पडली. त्या हसल्या. "नाना, डबीला छान हवा खाऊ घातलीत. आता आजींनाही घाला."

मग पदर खोचून त्यांनीच खिडकीपुढचा कापूस उपसला.

"बठ्ठं मोकळं वाटस, भाऊ," छातीभर श्वास घेत आई मला म्हणाली. पुढे शेवटपर्यंत ती त्या उघड्या खिडकीशी सुखाने निजली.

त्या दिवशी माफी मागायला मी बाईंसोबत फाट्यापर्यंत गेलो. एसटी आली. मी एवढंच म्हणालो, "ताई, पिशवी द्या, वर चढवतो."