कॉलरच्या आतलं नाव

ब्रश पत्र्याला टेकवण्याआधी ते डावा तळहात वर करायचे. वर्कशॉपमधले सगळे गप्प. मग श्वास रोखून जीपच्या बॉनेटपासून मागच्या चाकापर्यंत एका दमात रेघ ओढायचे. पट्टी नाही, दोरा नाही. रेघ संपली की म्हणायचे, "हां, आता बोला. काय म्हनत व्हतात?"

पूर्णा-परभणी रस्त्यावर तुम्हीही एखादी अशी जीप पाहिली असेल. टप कापलेला, चाकं रुंद, अंगावर लाल-पिवळ्या जोडरेघा. ती बहुतेक त्यांचीच. सगळी पूर्णा त्यांना 'मिस्त्री' म्हणायची, मीही तेच म्हणायचो. माझं परभणीत कपड्यांचं दुकान. जुन्या फॅशनचे रुंद कॉलरचे, ढगळ शर्ट शिवायचे आणि पाठीवर मिस्त्रींच्या रेघा छापायच्या, असं माझ्या डोक्यानं घेतलं.

"कापडावर?" ते हसले. "कापड हलतंय की हो भाऊ. पत्रा बिचारा गप बसतोय."

पण लागले कामाला. कागदावर नमुना काढणं त्यांना मंजूर नव्हतं. एकदा शर्ट माझ्याच अंगात घालून मला जीपला टेकवून उभं केलं आणि तळहात वर केला. नेमका मी शिंकलो. रेघ खांद्यावरून थेट बगलेत. "गाडीनं वळन घेतलं," म्हणाले, आणि तीच रेघ पुढं नेऊन असा झोक दिला की पुढं लोकांना तोच नमुना सगळ्यात जास्त आवडला.

त्यांनी एकच गोष्ट मागितली. "कॉलरच्या लेबलावर माझं नाव टाका. जलमभर गाड्यांवर दुसऱ्याच्या लेकरांची नावं लिवली." कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर त्यांनी स्वतःचं नाव वडलांच्या नावासकट लिहून दिलं. अक्षर देखणं होतं.

ते नाव मी छापलं नाही. लेबलावर दुकानाचं नाव, माझं नाव आणि खाली नुसतं 'मिस्त्री'. त्यांचं नाव मला साधं वाटलं, गल्लोगल्ली सापडेल असं. 'मिस्त्री' म्हटलं की कसं जुन्या जमान्यातलं वाटतं, पुण्याच्या पोरांना भावेल. माझं नाव तरी कुठं जगावेगळं होतं? पण ते मी आडनावासकट छापलं.

शर्ट दुकानात मांडले त्या दिवशी ते बायकोला घेऊन आले. इस्त्रीचे कपडे, हात रॉकेलनं घासून लाल झालेले. मी पेढे वाटत होतो. त्या माउलीनं शर्ट उचलला आणि थेट कॉलर उलटली.

"अहो, तुमचं नाव कुठंय? हितं तर मिस्त्री लिवलंय."

त्यांनी एकदाच माझ्याकडं पाहिलं. मग तिला म्हणाले, "ह्यो नमुन्याचा माल हाय. खऱ्या मालावर टाकायलेत. व्हय ना भाऊ?"

मी "हो" म्हणालो. माझी अब्रू त्यांनी झाकली आणि मी ती झाकू दिली. पेढा हातात घेऊन ते शांतपणे खात राहिले. ते आठवलं की अजून माझे कान तापतात.

नवी लेबलं करायला मी सात-आठ महिने लावले. आधी जुना माल संपू दे, मग दिवाळी होऊ दे. निमित्तांना काय तोटा! फोन करायचाही धीर होत नव्हता. शेवटी लेबलं खिशात घालून पूर्णेला गेलो. वर्कशॉपचं शटर खाली होतं. आज त्यांना 'मिस्त्री' म्हणायचं नाही, असं मनाशी ठरवलेलं. समोरच्या चहावाल्याला पूर्ण नाव घेऊन विचारलं. त्यानं मान हलवली. शेजारच्या पंक्चरवाल्याला विचारलं.

"ह्या नावाचं हितं कोनी न्हाई."

मी पुन्हा विचारलं, वडलांच्या नावासकट. नाहीच. मग शटरकडं बोट केलं आणि म्हणालो, "मिस्त्री."

"आसं म्हना की!" हातातली ट्यूब ठेवून तो उठला. "मिस्त्री गेले की हो. दोन महिने झाले. तुमाला कळलं न्हाई?"

मी खिशातली लेबलं चाचपली.

"मंग मघाशी नाव घेतलं ते कोनाचं?"